घरकर्जाचं नुसतं व्याज चालू असताना सोनंही तारण असेल तर: सांगलीतल्या नवख्या घर घेणाऱ्यांसाठी

सांगलीत बँकेच्या कर्जविभागात मी २४ वर्षं काढली. त्या खुर्चीवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच, "साहेब, आम्ही एकही महिना चुकवला नाही, मग कर्ज आहे तेवढंच कसं?"

हा प्रश्न विचारणारं एक जोडपं मला अजून आठवतं. बाई मिरजेत नर्स, यजमान कुपवाड एमआयडीसीत. विश्रामबागेकडं बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलेला. वर्षभरात त्यांनी घरकर्जापोटी दीड लाखावर रक्कम भरली होती आणि मुद्दल एका रुपयानंही कमी झालं नव्हतं. सोबत पाटल्या आणि गंठण तारण ठेवून घेतलेलं कर्ज, त्याचंही दर महिन्याला नुसतं व्याज. दोन्हीकडं प्रामाणिकपणे पैसे जात होते आणि दोन्हीकडचा डोंगर जागचा हलत नव्हता. त्यांची चूक काहीच नव्हती, कुणी नीट सांगितलंच नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी हे घडतं कसं ते पाहू

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला की बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. स्लॅब पडेल तसं बिल्डरचं डिमांड लेटर येतं आणि बँक तेवढा टप्पा सोडते. तोपर्यंत तुम्ही भरता ते फक्त सोडलेल्या रकमेवरचं व्याज. यालाच प्री-ईएमआय म्हणतात. बोलताना सगळे 'हप्ता' म्हणतात, पण तो हप्ता नव्हे. हप्त्यात मुद्दल असतं, यात नाही.

आता सोनं कशाला लागतं? ३८ लाखांचा फ्लॅट धरा. बँक ३० लाख देते, ८ लाख तुमचे. आयुष्याची शिल्लक त्या ८ लाखांत जाते. मग कळतं की मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक फ्लॅटच्या किमतीत धरत नाही, ती खिशातून द्यायची. महानगरपालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे २ लाख २८ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी १ टक्का, म्हणजे ३८ हजार. बेरीज झाली जवळजवळ ३ लाख. खरेदी फक्त बाईच्या नावानं असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, हा विचार करार करण्याआधी करा, नंतर उपयोग नाही.

त्या ३ लाखांसाठी लोक कपाट उघडतात. घरकर्जावरच टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, मागायला जावं, तर बांधकाम पूर्ण होऊन पूर्ण हप्ते काही महिने व्यवस्थित गेल्याशिवाय तो सहसा मिळत नाही. पर्सनल लोनचा व्याजदर सोन्यापेक्षा बराच जास्त. म्हणून सोनेतारण घेणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ते कसं घ्यायचं आणि कसं सोडवायचं, हे घेण्याच्या दिवशीच ठरलेलं हवं.

पहिली पायरी: व्याजाच्या नव्हे, मुदलाच्या तारखा लिहा

एक साधी वही घ्या. व्याजाची तारीख मोबाईलवर मेसेज येऊन कळतेच, ती लिहू नका. या तारखा लिहा:

- सोनेतारण कर्जाची मुदत कधी संपते
- घरकर्जाचा पूर्ण हप्ता कधी सुरू होणार
- बिल्डरनं महारेराकडं (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदवलेली ताब्याची तारीख
- भाड्याच्या घराचा करार कधी संपतो

मंजुरीपत्रात नुसत्या व्याजाच्या काळाला एक कमाल मर्यादा दिलेली असते. इमारत रखडली तरी ती मर्यादा संपली की पूर्ण हप्ता सुरू होतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. मंजुरीपत्र इंग्रजीत असेल तर अधिकाऱ्याला ती ओळ दाखवायला लावा आणि मराठीत समजून घ्या. लाजू नका, तुम्ही २० वर्षं ते फेडणार आहात.

सोनेतारणात मुदलासकट एकरकमी फेडीचं घरगुती कारणासाठीचं कर्ज जास्तीत जास्त १२ महिन्यांचं असतं. म्हणजे ज्या आठवड्यात तुम्ही फ्लॅटची नोंदणी केली, पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात ३ लाख उभे करायचे आहेत. वहीत हे लिहिलेलं दिसलं की माणूस आपोआप सावध होतो.

घरात शेतीचं उत्पन्न असेल तर कर्ज घेण्याचा महिनाही बघा. आपल्याकडं हळद फेब्रुवारी ते मे या काळात बाजारात येते, तासगावकडं बेदाणाही त्याच सुमाराला. सोन्याची मुदत एप्रिल-मे मध्ये संपली तर हाती पैसा असतो. ऑगस्टमध्ये संपली तर घरात खताची बिलं आणि नदीत पाणी. ऊसबिल कायद्यानं १४ दिवसांत यायला हवं, पण त्या भरवशावर सोन्याची तारीख ठेवू नका. मी अशी घरं पाहिली आहेत जिथं बिल आलं, पण तारीख उलटून गेल्यावर.

दुसरी पायरी: सोनं ठेवताना

पहिली गोष्ट, ते सोनं कुणाचं आहे? बहुतेक घरांत ते सुनेचं नाहीतर सासूबाईंचं असतं. ज्यांचं आहे त्यांना समोर बसवून सांगा की किती ठेवतोय, किती दिवसांसाठी आणि कसं सोडवणार. कर्ज शक्यतो त्यांच्याच नावानं घ्या, म्हणजे दागिने ज्या सीलबंद पिशवीत बँक ठेवते तिच्यावर हक्क त्यांचा राहतो. हे मी कायद्यापेक्षा घरातल्या शांततेसाठी सांगतोय.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, अडीच ते ५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढं ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. एकरकमी फेडीच्या कर्जात ही टक्केवारी आजच्या उचलीवर नव्हे, तर शेवटी व्याजासकट देय होणाऱ्या रकमेवर धरतात. किंमत काढताना आदल्या दिवसाचा भाव आणि मागच्या ३० दिवसांची सरासरी यांपैकी जो कमी असेल तो घेतात. खडे, मोती, मजुरी यांना शून्य.

मिळतंय म्हणून कमाल रक्कम उचलू नका. भाव खाली आला की तेवढा फरक भरायला बँक सांगते, आणि तो फोन नेमका हाती पैसा नसतानाच येतो. गरज ३ लाखांची असेल तर ३ लाखच घ्या आणि सोनं थोडं जास्त तारण राहू द्या.

दागिने तपासताना तुम्ही समोर असायला हवं, तो तुमचा हक्क आहे. पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरेट आणि घट वेगवेगळी लिहिलेली हवी. आपल्या जिल्ह्यात याबाबत एक सोय आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली माणसं देशभर सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात, आणि कुठल्या ना कुठल्या नात्यानं त्यांच्यापैकी कुणीतरी आपल्या ओळखीत असतंच. बँकेत जाण्याआधी त्यांच्याकडून कसाचा अंदाज घ्या. बँक तिच्याच मूल्यमापकाचा आकडा धरणार, पण दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर विचारण्याचं धाडस तुमच्याकडं असेल.

आणि ही पुढची गोष्ट सगळ्यात उपयोगाची: ३ लाखांचं एक कर्ज घेऊ नका, दीड-दीड लाखांची दोन घ्या. दोन खाती, दोन पिशव्या, दोन पावत्या. एका कर्जात निम्मं मुद्दल भरलं तरी दागिने सगळे अडकलेलेच राहू शकतात. दोन कर्जं असली की एक फिटलं, एक पिशवी घरी आली. गंठण ज्या पिशवीत असेल ते कर्ज आधी फेडायचं, हे घरातल्या बाईनं ठरवावं.

पतसंस्थेत सोनं ठेवायचं असेल तर हे लक्षात घ्या की वरचे नियम बँका आणि वित्तकंपन्यांना आहेत. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, तिथले नियम आणि दर त्या संस्थेच्या कागदांवरूनच समजून घ्यावे लागतात. ओळखीचं सचिवपद बघून सोनं ठेवू नका, लेखी दर बघून ठेवा.

शेतीच्या नावाखाली कमी दराचं सोनेतारण घ्या, असं कुणी सुचवेल. फ्लॅटच्या मुद्रांक शुल्काला पैसे हवेत आणि कागदावर पीक दाखवायचं, हे करू नका. चौकशी झाली तर सवलतही जाते आणि पतही.

तिसरी पायरी: पहिल्या महिन्यापासून पूर्ण हप्ता खिशातून काढा

माझं सगळं म्हणणं या पायरीत आहे, म्हणून आकडे सावकाश पाहा.

३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. पूर्ण हप्ता येतो २६,०३५ रुपये. पण सुरुवातीला बँकेनं १२ लाखच सोडलेले असतात, त्याचं महिन्याचं व्याज ८,५००. पुढं २४ लाख सुटले की १७,०००. माणसाला वाटतं, चला, ८,५०० मध्ये भागतंय. मग नवा सोफा येतो, गाडी येते. दीड वर्षानं अचानक २६,०३५ दारात उभे राहतात.

तसं करायचं नाही. पहिल्या महिन्यापासून २६,०३५ हीच आपली रक्कम समजायची. त्यातले ८,५०० बँकेला. उरलेले १७,५३५ सोन्याच्या कर्जांना: आधी दोन्हींचं व्याज, बाकी सगळं पहिल्या कर्जाच्या मुद्दलात. सोन्याचा दर १०.५ टक्के धरला तर ३ लाखांचं पहिल्या महिन्याचं व्याज २,६२५, म्हणजे जवळजवळ १५ हजार रुपये पहिल्याच महिन्यात मुद्दलात जातात. सहा महिन्यांत दोन्ही कर्जांची मिळून बाकी साधारण २ लाख ९ हजारांवर येते. नंतर घरकर्जाचं व्याज १७,००० झालं की सोन्याला ९,०३५ उरतात. वर्ष संपताना बाकी साधारण १ लाख ६४ हजार. त्यात दिवाळी बोनसचे १५ हजार घातले की दीड लाखाच्या आत आलात. म्हणजेच पहिली पिशवी वर्षाच्या आत घरी.

याच जागी नुसतं व्याज भरत बसलात तर वर्षात साडेएकतीस हजार जातात आणि ३ लाख तसेच उभे. व्याजही न भरता शेवटी एकरकमी द्यायचं कर्ज घेतलं आणि व्याज दरमहा चढत गेलं, तर देणं ३ लाख ३३ हजारांच्या घरात जातं.

कुणी विचारतं, जास्तीचे पैसे घरकर्जातच का भरू नयेत? बदलत्या दराच्या घरकर्जात मुदतीआधी भरणा केला तर वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, हे खरं. पण सोन्याचा दर जास्त आहे आणि त्याची मुदत १२ महिन्यांची आहे, घरकर्जाची २० वर्षांची. त्यामुळं जास्तीचा प्रत्येक रुपया आधी सोन्याला. सोनं सुटलं की खुशाल घरकर्जाकडं वळा. मात्र घरकर्जाचं ठरलेलं व्याज एक दिवसही मागं पडू द्यायचं नाही.

सोन्यात जास्तीची रक्कम भरताना काउंटरवर स्पष्ट सांगा: "व्याज घेऊन उरलेली रक्कम मुद्दलात जमा करा," आणि पावतीवर नवी बाकी लिहून घ्या. काही ठिकाणी ही रक्कम पुढच्या व्याजापोटी ठेवून घेतात आणि मुद्दल तसंच राहतं. मुदतीआधी फेडीवर आकार आहे का, हे कर्ज घेतानाच विचारलेलं असावं.

आणखी एक पर्याय असतो. काही बँका सोडलेल्या रकमेवरच लगेच मुदलासकट हप्ता सुरू करून देतात. सोनं तारण नसेल तर मी तोच घ्या म्हणेन. सोनं असेल तर आधी वरची रीत.

भाड्याचं लक्षात ठेवा. पूर्ण हप्ता सुरू झाला की भाडं बंद होईल असा हिशोब सगळे करतात. प्रत्यक्षात शेवटचा टप्पा सुटणं, चावी मिळणं, पंखे-ओटा-पडदे आणि वास्तुशांत यात तीन-चार महिने जातात. त्या काळात २६,०३५ अधिक ९ हजार भाडं, दोन्ही. चार महिन्यांच्या भाड्याचे हे ३६ हजार वेगळे साठवलेले नसतील तर लोक सोडवलेलं सोनं परत ठेवायला येतात. मला सगळ्यात वाईट त्याच वेळी वाटायचं.

चौथी पायरी: बारावा महिना

मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधी शाखेत जा. राहिलेली रक्कम भरता येत नसेल तर नूतनीकरण होतं, पण त्यासाठी तोपर्यंतचं सगळं व्याज भरलेलं लागतं. नव्यानं मूल्यांकन होतं, नवा दर लागतो. राहिलेलं दुसरं कर्ज मात्र नुसत्या व्याजाचं करू नका, मासिक हप्त्याचं करून मागा. दीड लाख, १०.५ टक्के, २४ महिने, हप्ता साधारण ६,९५०.

मुदत उलटू दिली तर नोटीस येते आणि मग लिलाव. लिलावाची राखीव, म्हणजे किमान किंमत सोन्याच्या चालू किमतीच्या ९० टक्क्यांखाली ठेवता येत नाही, दोनदा लिलाव फसला तर ८५ टक्के. देणं वळतं करून उरलेली रक्कम तुम्हाला परत द्यावी लागते. पण आजीच्या पाटल्या रकमेत परत येत नाहीत. पत्ता किंवा मोबाईल बदलला असेल तर शाखेत लगेच कळवा, भाड्याचं घर बदललेल्यांना नोटीसच पोचत नाही.

पाचवी पायरी: दोन्ही सावकारांना एकमेकांबद्दल माहीत असू द्या

घरकर्जाच्या अर्जात आधीची देणी विचारतात. तिथं सोनेतारण लिहा. ते सिबिलच्या, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांच्या नोंदीच्या अहवालात दिसतंच, आणि लपवलेलं सापडलं तर पुढचा टप्पा सोडताना बँक हात आखडता घेते. बिल्डरचं डिमांड लेटर आलेलं असताना टप्पा अडकणं फार महागात पडतं, कारण बिल्डर उशिराचं व्याज लावतो.

उलट बाजूही सांगतो. बिल्डरनंच करारातली ताब्याची तारीख चुकवली, तर रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज तुम्हाला मागता येतं. तुमच्या नुसत्या व्याजाचा काळ त्याच्यामुळं लांबत असेल तर हे विसरू नका.

आयकराबद्दल थोडक्यात: जुनी करप्रणाली घेतली असेल तर बांधकामाच्या काळात भरलेलं व्याज वाया जात नाही. घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत त्याची वजावट मिळते, स्वतः राहत्या घराला वर्षाच्या एकूण २ लाखांच्या मर्यादेत. त्यासाठी बँकेकडून दर वर्षीचा व्याजाचा दाखला घेऊन ठेवा.

पाणी आणि कागद

२०१९ आणि २०२१ चा पूर सांगलीकराला सांगायला नको. मारुती चौक, हरभट रोडवर पाणी असताना दुकानं बंद होती, कामं बंद होती, व्याज मात्र चालू होतं. म्हणून तीन महिन्यांचं घरकर्ज आणि सोन्याचं व्याज एवढी रक्कम बाजूला असावी, मग ती साठवायला सोनं दोन महिने उशिरा सुटलं तरी चालेल. फ्लॅट घेतानाच पूररेषा तपासा आणि बँकेनं काढलेल्या घराच्या विम्यात पूर धरलाय का, ते पॉलिसीत वाचा. सोन्याच्या पावत्या, करारपत्र, मंजुरीपत्र यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. ओल्या पावत्या घेऊन आलेली माणसं मी रांगेत पाहिली आहेत.

पैसे कमी पडलेच तर

थकबाकीला ९० दिवस झाले की खातं थकीत वर्गात जातं. त्यानंतर घरकर्जात बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. त्यामुळं पहिला महिना चुकण्याआधीच शाखेत जा, पगारपावती आणि वही घेऊन. चुकण्याआधी आलेल्या माणसासाठी अधिकारी मार्ग शोधतो: मुदत वाढवणं, हप्त्याची तारीख पगारानंतर नेणं. रेपो दर बदलल्यामुळं हप्ता वाढत असेल तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी बँकेनं द्यायला हवी.

तिसरं कर्ज काढून या दोघांचं व्याज भरू नका. मोबाईलवर पाच मिनिटांत पैसे देणारी ॲप तर नकोतच. त्यापेक्षा तारण नसलेला एखादा दागिना मनाविरुद्ध का होईना, सराफ कट्ट्यावर स्वतः चांगल्या भावानं विकून कर्ज बंद करणं बरं. लिलावापेक्षा हातात जास्त येतं.

बँकेनं किंवा वित्तकंपनीनं लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं विनाशुल्क जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्थेसाठी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात जावं लागतं.

सोनं सोडवताना

पूर्ण रक्कम भरली की दागिने त्याच दिवशी, फार तर ७ कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. उशीर बँकेमुळं झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा नियम आहे. पिशवीचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. मूळ पावतीशी ताडून प्रत्येक नग मोजा, काट्यावर वजन करून घ्या आणि मगच सही करा. ज्यांचं सोनं आहे त्यांना सोबत न्या, आपल्या बांगडीवरचा पोचा त्यांनाच ओळखू येतो. खातं बंद झाल्याचा दाखला घ्या, महिन्या-दीड महिन्यानं सिबिलचा अहवाल काढून तिथंही ते बंद दिसतंय का बघा, आणि वहीतल्या त्या तारखेवर रेघ मारा.